डागमामांची न गायलेली ओळ

चर्चच्या दाराशी उभं राहून एकमेकांशी हात मिळवायचे आणि मग घरी जायचं, असा त्या मंडळीचा रविवारचा क्रम होता. बाकीचे लोक हात मिळवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहत. डागमामा आधी बाहीकडे पाहत, मग कॉलरकडे, आणि जमलंच तर डोळ्यांकडे.

"तेल," ते हळू आवाजात सांगत. किंवा, "शाई आहे. घासू नका, पसरेल."

बोलण्यात टीका नसे. डॉक्टर जीभ पाहून स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो, त्यातला प्रकार. लोकांना याची इतकी सवय झाली होती, की एखाद्या रविवारी मामा काहीच बोलले नाहीत तर माणूस घरी जाऊन आरशासमोर मागून-पुढून स्वतःला तपासून घेई. आईवडिलांनी बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना एक चांगलं भारदस्त नाव दिलं होतं. ते आता फक्त पगाराच्या दिवशी वापरात येई.

शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि मामा तिथले मुकादम होते. वरच्या मजल्यांवरून पत्र्याच्या एका उभ्या नळकांड्यातून मळक्या चादरींची गाठोडी खाली येत आणि सिमेंटच्या हौदात धप्पकन पडत. प्रत्येक वॉर्डाच्या चादरीला वेगळ्या रंगाचा धागा शिवलेला असे. वर काय चाललंय हे मामांना असं खालून कळे. प्रसूतीच्या वॉर्डात आज गर्दी आहे, हाडांच्या वॉर्डात कोणीतरी चहा सांडलाय, आणि अमुक एका खाटेवरचा माणूस आता जेवेनासा झालाय. त्यांनी रोगी कधी पाहिले नाहीत. पण रोग पुष्कळ पाहिले.

नोकरीला लागले तेव्हा मामा पोरगेलेसे होते आणि गरम पाण्यावर त्यांची श्रद्धा होती. गरम पाण्यानं सगळं निघतं, असं घरी आई म्हणत असे. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी रक्तानं भरलेल्या चादरींचा अख्खा घाणा उकळत्या पाण्यात सोडला. बाहेर आल्या तेव्हा सगळ्या चादरींवर तपकिरी नकाशे उमटले होते, कायमचे. त्या वेळचा मुकादम चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एक चादर उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, "रक्त थंड पाण्यानं जातं आणि धीरानं जातं. गरम पाणी लागलं की ते कापडाचंच होऊन बसतं. आणि कापड पांढरं करण्याचा गुण तर त्याच्यात नाहीच नाही. एवढं लक्षात ठेवलंस तर इथे निवृत्त होशील."

मामांनी लक्षात ठेवलं. आणि तिथूनच पुढचा सगळा घोळ झाला.

कारण मामा गायचेही. चर्चच्या गायनवृंदात मागच्या रांगेत, भिंतीच्या कडेला उभं राहून ते खालचा सूर धरत. तो सूर कोणी मुद्दाम ऐकत नाही. घराचा पाया पाहायला कोण जातं? पण त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, तो लागे. ताई गायनवृंदाची प्रमुख. आयुष्यभर प्रसूतीच्या वॉर्डात मुख्य परिचारिका होती, आणि ज्या आवाजात तिनं अर्ध्या गावाच्या आयांना "आता जोर लाव" म्हटलं होतं, त्याच आवाजात ती आता त्या आयांच्या मुलांना "आता श्वास घ्या" म्हणे. दोन्हीकडे ऐकण्यावाचून गत्यंतर नसे.

वर्षातून एकदा, दिवंगतांच्या स्मरणाच्या रविवारी, पवित्र शास्त्रातल्या अगदी शेवटच्या पुस्तकातला एक भाग वाचला जाई. जगाचा शेवट सांगणारं हे पुस्तक. पण वाचला जाई तो भाग भीतीचा नव्हता: पांढरे झगे घातलेला, कोणाला मोजता येणार नाही एवढा मोठा जमाव सिंहासनापुढे उभा आहे, हे मोठ्या संकटातून आलेले लोक, त्यांनी आपले झगे कोकऱ्याच्या, म्हणजे बळी गेलेल्या प्रभूच्या, रक्तात धुऊन शुभ्र केले आहेत. मग वर्षभरात आणि त्याआधी गेलेल्यांची नावं वाचली जात, आणि त्यानंतर ठरलेलं गाणं:

"दुरून आले, शिणून आले, अंगी शुभ्र झगे;
रक्तामध्ये धुतले त्यांनी, पाहा कसे झगझगे."

झग्याला यमक सापडल्याचा आनंद रचणाऱ्याला इतका झाला असावा, की बाकी कशाची चौकशी करायचं त्याला सुचलं नाही. मामांना मात्र सुचलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्या ओळीनंतर ते तोंड मिटत, चष्मा काढून रुमालानं पुसत, आणि तिसऱ्या ओळीला पुन्हा सुरात येत. चष्मा पुसायला ती ओळ बरोबर पुरायची. ऑर्गन मोठा होता, चर्चचं छत उंच होतं, आणि इतक्या वर्षांत कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

या वर्षी उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला.

ऑर्गन दुरुस्तीला गेला आणि ताईनं जाहीर केलं, "काही बिघडत नाही. पेटीशिवाय, वाद्याशिवाय गाऊ. लोकांना कळू दे आपल्याकडे गळे आहेत."

सरावाच्या संध्याकाळी सगळे थंड हॉलमध्ये अर्धगोलात उभे राहिले. पहिली ओळ छान झाली. दुसऱ्या ओळीला जणू कोणी खालची फळी ओढून घेतली. वरचे आवाज क्षणभर लोंबकळले आणि कसेबसे पुढे गेले.

ताईनं हात वर केला. "पुन्हा."

पुन्हा फळी गेली.

"खालचा सूर कुठे जातो?" तिनं विचारलं. प्रश्न सगळ्यांना होता आणि सगळे मामांकडे बघायला लागले. "तू एकटा म्हण बघू."

मामांनी पहिली ओळ एकट्यानं म्हटली. मग थांबले. रुमाल त्यांच्या हातात होता.

"पुढे?"

"पुढचं मी म्हणत नाही, ताई."

"घसा बसलाय?"

"घसा ठीक आहे. ओळ बसत नाही." ते अवघडून म्हणाले. "रक्तात धुतलेलं कापड पांढरं होत नाही. मी दिवसभर तेच तर बघतो. मग रविवारी उभं राहून उलटं कसं सांगू?"

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. ताई हसली नाही. ती मनात काहीतरी मागे मागे मोजत जात होती, आणि कुठे पोचणार हे मामांना तिच्याआधी कळलं.

"कधीपासून म्हणत नाहीस?"

"पहिल्यापासूनच म्हण ना."

"यांच्या मातीलाही नव्हतास म्हणत?"

दाजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या दफनाच्या वेळीही हेच गाणं झालं होतं. तेव्हा ताई स्वतः गायली होती. लोक अजून ते सांगत: काय बाई आहे, समोर शवपेटी ठेवलेली आणि आवाज तसूभर हलला नाही.

"मातीलाही नव्हतो," मामा म्हणाले.

ताईनं आपली वही मिटली. "मला वाटलं होतं खाली तू आहेस," ती म्हणाली. "म्हणून मी गाऊ शकले. मी त्या ओळीवर सगळा भार टाकला होता, आणि तू चष्मा पुसत होतास." मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "गाणं बदलणार नाही. रविवारी यांचं नाव वाचलं जाईल आणि मग हेच गाणं होईल. अख्खं गाणार असशील तर इथे उभा राहा. नसशील तर खाली बाकावर लोकांत जाऊन बस. अर्धा माणूस मला रांगेत नको."

मामांनी घरी येऊन चपला काढता काढताच बायकोला सगळं सांगितलं. मामी शाळेच्या ग्रंथालयात कामाला होत्या आणि त्यांना पुस्तकांविषयी तसंच माणसांविषयी एक सवय होती: शेवटचं पान आधी बघायचं.

"अहो, मग आता काय करणार? गाणार की बसणार?"

"तेच कळत नाहीये. खोटं गायलं तर ताईला कळेल. बसलो तर ती पुन्हा बोलणार नाही."

"ते पुस्तक वाचलंय का तुम्ही कधी? अख्खं?"

मामा चपापले. लहानपणापासून ते त्यातलं ऐकत आले होते, गात आले होते. वाचलं मात्र नव्हतं. मंडळीत कोणीच वाचलं नसावं. तरुणपणी एक प्रवासी उपदेशक येऊन गेला होता. त्यानं भिंतीवर श्वापदांचे तक्ते टांगले आणि जगाचा शेवट कधी ते सांगितलं. तो दिवस येऊन गेला, उपदेशक त्याआधीच गेला होता. तेव्हापासून लोक त्या पुस्तकाकडे शेजारच्या घरातल्या भांडणाकडे पाहावं तसं पाहत: आवाज येतो, पण आपण लक्ष द्यायचं नाही.

"मोठ्यानं वाचा," मामी म्हणाल्या, आणि मटार सोलायला बसल्या. "मीही ऐकते."

सुरुवातीलाच मामा थबकले. हे मोठ्यानं वाचणारा धन्य आणि ऐकणारे धन्य, असं तिथे म्हटलेलं होतं. "तुला कसं माहीत होतं?"

"मला काय माहीत? तुम्ही मनात वाचायला लागलात की झोपता."

त्या संध्याकाळी आणि पुढच्या काही संध्याकाळी मामांनी वाचलं. घोडे निघाले, तारे पडले, समुद्राचं रक्त झालं. एक तारा पडून पाणी कडू झालं. मामी मधूनमधून हात थांबवत.

"टोळांना बायकांसारखे केस? आणि दात सिंहाचे?"

"असं लिहिलंय."

"कोणाच्या तरी सासूला बघून लिहिलंय."

मामांना हसू आलं, आणि हसताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्यांना हे पुस्तक पाठ होतं. म्हणजे श्वापदं नव्हेत. पण मधूनच कोणी तरी गायला लागे आणि ते गाणं मामांना शब्दागणिक येत असे. पवित्र, पवित्र, पवित्र, असं म्हणणारे चार प्राणी: हे दर रविवारी प्रभुभोजनाआधी ते स्वतः म्हणत. कोकरा योग्य आहे, ही आरोळी: ईस्टरच्या सकाळी. ज्या नगराच्या वेशी कधी बंद होत नाहीत, ते नगर: लग्नातही म्हणतात आणि मातीलाही. डोळ्यांतला प्रत्येक अश्रू पुसला जाईल: हे तर त्यांच्या आईच्या कबरीवर कोरलेलं होतं. लहानपणापासून गाताना त्यांना ती सुटी गाणी वाटत होती, आणि ती सगळी एकाच घरातली निघाली.

"आपण आजवर या घराच्या गच्चीवर उभं राहून गात होतो," ते मामींना म्हणाले. "खाली हे एवढं चाललंय हे कोणी सांगितलंच नाही."

"खाली तर तुम्हीच असता," मामी म्हणाल्या. "तळघरात."

मामांनी पान उलटलं. पुढे वाचताना ते निराळ्या कानानं ऐकू लागले. संकट येई, आणि ते ओसरायच्या आत कुठून तरी गाणं सुरू होई. संकट संपल्यावर आभाराचं गाणं म्हणतात ते त्यांना माहीत होतं. इथे मधेच, धुराळा खाली बसायच्या आत गात होते. हा काय प्रकार आहे, हे त्यांना कळेना, आणि कळेना म्हणून सोडवेना. धुलाईखान्यात यंत्रं फिरत असताना ते पुस्तक उघडून बसत. पुस्तकात कपडेही फार होते. झगे, तागाची तलम वस्त्रं, पट्टे, गोणपाट. वेदीखाली मारले गेलेल्यांचे जीव ओरडत होते, प्रभू, कुठवर? आणि त्यांना उत्तर मिळालं ते असं: प्रत्येकाला एकेक पांढरा झगा दिला आणि अजून थोडा वेळ थांबा म्हणून सांगितलं. मामांना हे ओळखीचं वाटलं. इस्पितळातही माणूस ओरडायला लागला की आधी त्याला स्वच्छ कपडे देतात आणि मग थांबा म्हणतात.

पाळकसाहेबांकडे ते शुक्रवारी गेले. पाळकसाहेब वयानं मामांच्या धाकट्या भावाएवढे, वाचनाचे नादी, आणि त्या वेळी शिडीवर चढून सभागृहाचा गळका पन्हळ साफ करत होते.

"मामा, शिडी धरा. आणि विचारा, काय विचारायचंय ते."

मामांनी शिडी धरली आणि विचारलं.

"अर्थ हवा असेल तर देतो," वरून उत्तर आलं. "कोकऱ्यानं आपला जीव दिला, त्यामुळे हे लोक—"

"अर्थ येतो मला, पाळकसाहेब. रविवारच्या शाळेत बक्षीस मिळालंय त्याचं. अर्थावर माझं काही म्हणणं नाही. गाताना तोंड उघडत नाही, ही अडचण आहे."

पाळकसाहेबांनी ओल्या पानांचा एक लगदा खाली टाकला. "हे पुस्तक आलं तेव्हा कोणाच्या हातात पुस्तक नव्हतं," ते म्हणाले. "एकजण वाचायचा आणि बाकीचे कोणाच्या तरी घरात दाटीवाटीनं बसून ऐकायचे. त्यांच्यातली माणसं मारली जात होती. रक्त त्यांनी पाहिलेलं होतं. आणि त्यांच्यातही कोणीतरी धुलाई करणारा असणारच, त्या काळी तो मोठा धंदा होता. रक्तात धुऊन पांढरं, हे ऐकल्यावर तोही दचकला असेल. मला वाटतं, दचकावं म्हणूनच ते तसं आहे. आपण इतक्या वेळा गायलो की आपलं दचकणं गेलं. तुमचं राहिलंय."

"म्हणजे माझं बरोबर?"

"तसं नाही म्हटलं मी," पाळकसाहेब हसले. "दचकून तो बाहेर निघून गेला असेल, की तिथेच बसून राहिला असेल, हे आपल्याला माहीत नाही. त्याच्यावर सगळं आहे. आणि खरं सांगू का, ज्या दिवशी माझे वडील गेले त्या दिवशी मला सगळा अर्थ पाठ होता, आणि एकही गाणं म्हणता आलं नाही. त्याचं उत्तर मला अजून नाही सापडलं. शिडी सोडू नका, उतरतोय."

मामा तिथून निघाले ते घरी न जाता ताईकडे गेले. ताई गॅलरीत कुंड्यांमधली माती बदलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ठरलं?"

"नाही. पण एक सापडलंय." मामा उभ्या उभ्याच बोलायला लागले; लहानपणी काही सापडलं की ते असेच धावत तिच्याकडे येत. "तुझ्या त्या पांढऱ्या झग्यांच्या जमावानंतर लगेच पुढे काय आहे माहितेय? त्या गुंडाळीचा सातवा, शेवटचा शिक्का फोडतात, आणि स्वर्गात सगळं शांत होतं. सुमारे अर्धा तास. कोणी गात नाही, कोणी बोलत नाही. म्हणजे स्वर्गातही तोंड मिटायला जागा ठेवलीय, ताई."

ताईनं हात झटकले. "ती सगळ्यांनी मिळून मिटलेली असतात. तू एकटा मिटत होतास. आणि कोणाला सांगत नव्हतास."

मामा खाली बसले. समोर एक रिकामी कुंडी होती. ती त्यांनी उगाच सरळ केली.

"दाजी होते ना वॉर्डात," ते म्हणाले. "त्यांच्या चादरी माझ्याकडेच यायच्या. वॉर्डाचा हिरवा धागा, आणि त्या वॉर्डात शेवटी खोकल्यातून रक्त पडणारे तेच एक होते. तुला डॉक्टर सांगायचे की बरं आहे आज. मला खाली दिसायचं कितपत बरं आहे ते. मी कोणाला हात लावू दिला नाही त्या चादरींना. थंड पाण्यात भिजवायचो, स्वतः चोळायचो, पांढऱ्याफेक करून वर पाठवायचो. पुन्हा खाली यायच्या. मला वाटायचं, एक दिवस कोऱ्या येतील. एक दिवस आल्याच नाहीत. मग चर्चमध्ये उभं राहून, रक्तानं पांढरं झालं, असं म्हणायचं. नाही झालं गं. पांढरं मी केलं होतं. आणि त्यानं काही झालं नाही."

ताईनं पदरानं हात पुसले. खाली रस्त्यावरून कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"सांगायचं कसं?"

"ते म्हणायचे, चादर मात्र इथे चांगली असते. तुझ्याविषयी काही नाही म्हणाले. चादरीविषयी म्हणाले." तिनं कुंडीत माती भरायला घेतली. "जा आता. आणि रविवारी काय करायचं ते तुझं तू ठरव. मी बाकावर बस म्हटलं होतं, ते मागे घेते. पण गाणं तसंच राहील."

रविवारी चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी या वेळी नेहमीपेक्षा मोठा भाग वाचला. वेदीखालचा तो आक्रोश आधी आला, मग भूकंप, मग काळवंडलेला सूर्य, आणि मगच पांढरा जमाव. लोक सावरून बसले; म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एका लहान मुलीनं मोठ्यानं विचारलं, "हे खरं आहे?" आणि तिच्या आईनं तिला जवळ ओढून घेतलं. नावं वाचली गेली. दाजींचं नाव मधेच कुठेतरी आलं आणि गेलं. मामा आपल्या जागी, भिंतीला लागून उभे होते. आपण गाणार की नाही हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त रुमाल घरी ठेवला होता.

ताईनं हात उचलला. दुरून आले, शिणून आले. वाद्याशिवाय सगळे आवाज उघडे पडले होते, एखादा चिरका, एखादा पुढे पळणारा. ओळ संपली. ताईनं पुढच्या ओळीसाठी डावा हात मागच्या रांगेतल्या मामांकडे केला आणि उजव्या हातानं बाकीच्या सगळ्यांना थांबवलं. असं तिनं सरावात कधी केलं नव्हतं. बाकीचे गोंधळून गप्प झाले. आणि तिनं स्वतःही तोंड मिटलं.

चर्चमध्ये काही ऐकू येईना. ताई मामांकडे बघत होती, ज्या नजरेनं तिनं कित्येक आयांकडे पाहिलं असेल: घाई नाही, पण हे तुलाच करायचं आहे. मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना तळघरातला तो हौद दिसला, आणि गार पाण्यात सुन्न झालेले आपले हात. हे संपल्यावर गायचं असतं, असं ते आजवर समजत होते. संपलेलं काहीच नव्हतं. त्या पुस्तकातही संपलं नव्हतं, आणि तरी लोक गात होते.

मामा गायले. ओळ काही सुरेख झाली नाही. सूर खाली होता आणि खालचा सूर एकटा ऐकायला बरा लागत नाही. पायाच उघडा पडल्यासारखा वाटतो. 'रक्तामध्ये' या शब्दावर आवाज थोडा अडला आणि त्यांनी तो तसाच पुढे रेटला. झगझगेपर्यंत पोचले तेव्हा ताईनं दोन्ही हात उचलले आणि बाकीचे सगळे आत आले.

दाराशी हात मिळवण्याचा कार्यक्रम लांबला. मामा शेवटी एका बाजूला झाले, तेव्हा ताई पायरीवर उभी होती.

"तू का नाही गायलीस?" त्यांनी विचारलं.

"इतकी वर्षं मीच गात होते. गाणाऱ्याला ऐकू येत नाही. मला ती ओळ एकदा ऐकायची होती, दुसऱ्या कोणाच्या तोंडून."

"आणि मी गायलो नसतो तर?"

"तर तेवढा वेळ सगळेच गप्प बसलो असतो. मी त्यांना थांबवून ठेवलंच होतं." तिनं पायरी उतरायला त्यांचा दंड धरला. "मी घाबरले होते मात्र."

थोडं चालल्यावर मामा म्हणाले, "ताई, रक्तानं कापड पांढरं होत नाही, हे माझं मत अजून आहे. तुला सांगून ठेवतो."

"मत घरी ठेवत जा. आवाज घेऊन येत जा."

"नाही जमणार. आले तर दोन्ही येतील."

ताईनं यावर विचार केला. कोपऱ्यावर मामी त्यांची वाट बघत उभ्या होत्या, काखेत पिशवी आणि पिशवीत ते पुस्तक, शेवटची पानं वाचायची राहिली म्हणून.

"बरं," ताई म्हणाली. "मत आणि आवाज, दोघांनाही बुधवारी सरावाला आण. आणि वेळेवर."